धनश्रीच्या शहरात रणगाडे

देवगाव फाट्यावर खत-बियाण्यांची दुकानं तीन-चार आहेत, पण रशियाच्या लढाईची खबर हवी असली की माणसं शिवरुद्रअप्पांच्याच बाकड्यावर येऊन टेकायची. अप्पांना त्या लढाईचा नाद लागला तो खतापायी. लढाई पेटली त्या वर्षी पोटॅश मिळेना, डीएपीची गाडी आज येते उद्या येते करत आठवडेच्या आठवडे जायचे, आणि दारात उभ्या गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावं लागायचं. म्हणून अप्पा बातम्या बघायला लागले. बघता बघता तिकडच्या नद्या, पूल, सेनापती सगळं त्यांना तोंडपाठ झालं. कुठल्या शहराला वेढा पडला, कुठली पलटण मागं हटली, हे ते कपाशीच्या बियाण्याची पाकिटं काढून देता देता सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालच तिकडून आलाय.

खत हे एक कारण झालं. दुसरं कारण धनश्री. अप्पांची एकुलती एक लेक डॉन नदीच्या काठी, रोस्तोव्ह नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकत होती, आणि ते शहर लढाईच्या हद्दीपासून फार लांब नव्हतं. लढाई सुरू झाली तसं तिथलं विमानतळ बंद झालं. काही आईबापांनी पोरं माघारी बोलावली. अप्पांची बायको महेश्वरीही तेच म्हणत होती. पण अप्पांनी तिला उडवून लावलं.

"लढाई शेजारच्या मुलखात हाय. रशियाच्या आत शिरायची कुनाची टाप हाय? कितीक बादशहा त्या बर्फात गाडले गेले. एवढी मोठी सल्तनत, एवढी फौज. आपली पोरगी जगातल्या सगळ्यात भक्कम किल्ल्यात बसलीय आसं समज."

हे ते घरात म्हणाले, दुकानात म्हणाले, आणि रोज संध्याकाळी फोनवर खुद्द धनश्रीलाही सांगत राहिले. ती "हो पप्पा" म्हणायची.

त्या शनिवारी जून संपत आला होता आणि मृग कोरडाच गेला होता. दुकानात पोत्यांची थप्पी छताला लागलेली, पण पेरणीच नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? बाकड्यावर नुसती बसायला आलेली माणसं होती. त्यात दत्तराव होते. दत्तराव फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आता घरची शेळ्या-मेंढरं सांभाळायचे. शेळ्या रस्त्याकडेच्या बाभळीखाली सोडून ते सकाळी इथं चहाला यायचे. लढाईबद्दल ते स्वतः कधी बोलत नसत, अप्पांचं तेवढं ऐकून घेत.

दत्तरावांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "अप्पा, तुमच्या रशियात बगावत झाली म्हनं."

"कोन म्हनतंय?"

"हे बघा की. भाड्याची फौज होती न्हाई का त्यांची, तीच उलटलीय. एक शहर घेतलंय त्यांनी. रोस्… रोस्तोव्ह."

बाकड्यावरचे सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांचा हात आपोआप सदऱ्याच्या आत, छातीवरच्या इष्टलिंगाकडं गेला. मग त्यांनी फोन उचलला.

धनश्रीनं पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिचा आवाज आला.

"धनू, कुठं हायेस?"

"हॉस्टेलवर पप्पा. झोपले होते. सोमवारी परीक्षा आहे ना, रात्री जागले होते."

"तिकडं फौज घुसलीय म्हनं शहरात?"

"इकडं काही नाही. सगळं शांत आहे."

तिच्या मागून घरघर ऐकू आली. लोखंड दगडावरून ओढत न्यावं तसा आवाज.

"ते काय वाजायलंय?"

"कचऱ्याची गाडी. ठेवते पप्पा, अभ्यास करायचाय."

अप्पांनी बाकड्याला सांगितलं, "सगळं शांत हाय. टीव्हीवाले मोठं करून दाखवतेत." पण गल्ल्यावर बसवेना. त्यांनी घरी फोन लावला, तर महेश्वरीचा नंबर व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. एवढ्या सकाळी ती एवढा वेळ कुणाशी बोलत असेल? शेवटी त्यांनी मोटारसायकलची किल्ली उचलली.

"दत्तराव, जरा दुकानाकडं बघा. मी सेलूला घरी जाऊन येतो."

"जावा. पर एक सांगतो अप्पा, आपल्याच फौजेवर गोळी घालायची वेळ आली तर शहरात लय वाईट होतं. पोरीला खिडकीपासून लांब ऱ्हा म्हनावं."

दत्तराव असं काही बोलतील ही अप्पांची अपेक्षा नव्हती. सेलूपर्यंतचा सगळा रस्ता ते शब्द त्यांच्या कानात होते.

घराचं दार उघडंच होतं. महेश्वरी स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. पुढ्यात अर्धी निवडलेली मेथी, आणि पाट्यावर मोठ्या आवाजात लावलेला फोन. अप्पा चपला काढत होते तेवढ्यात त्यांना लेकीचा आवाज ऐकू आला. सकाळचा तो झोपाळू आवाज हा नव्हता.

"मम्मी, कोपऱ्यावर दोन रणगाडे उभे आहेत. एकाचं तोंड आमच्या बिल्डिंगकडं वळवलेलं. खालच्या मजल्यावरच्या मुली रडायल्यात. पप्पांना सांगू नको. ते परत फौजच मोजत बसतील."

अप्पा उंबऱ्यावरच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात.

महेश्वरीनं वर बघितलं. ती दचकली नाही. "धनू, पप्पा आलेत," एवढंच म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला.

"कवापासून चालू हाय हे?"

"पहाटेपासून."

"आजचं न्हाई म्हनत मी."

महेश्वरीनं मेथीची जुडी बाजूला सारली. "हिवाळ्यात तेलाचा डेपो पेटला व्हता तिकडं. हॉस्टेलच्या काचा फुटल्या. तिच्या शरीरशास्त्राच्या मॅडमचा पोरगा लढाईत नेला, पेटीतून परत आला. ह्या पोरींना वॉर्डात काम लागतंय, तिथं रोज बस भरून जखमी येतेत. पाय न्हाई, हात न्हाई. धनू मला रोज सांगती."

"आन मला?"

"तुमाला सांगितलं व्हतं की दिवाळीत. तुमी म्हनलाव, जखमी दोन्हीकडं होतेतच, पर रशियाकडं मानसं लय हायेत."

अप्पांना ते आठवलं. नुसतं वाक्यच नाही, ते म्हणताना आपल्याला किती बरं वाटलं होतं तेही आठवलं. ते घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागले. टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. पडद्यावर त्यांना पाठ असलेली नावं येत होती, पण ज्या सेनापतीला ते वाघ म्हणायचे त्याचं मुख्यालय न लढता बंडवाल्यांच्या हातात गेलं होतं. राजधानी मॉस्कोकडं जाणाऱ्या हमरस्त्यावरून बंडवाल्यांच्या गाड्या सरळ चालल्या होत्या, आणि त्यांना अडवायला कुणीच दिसत नव्हतं.

"कुठं गेली सगळी फौज?" अप्पा पडद्याला म्हणाले.

"भुजंगकडं जाऊ," महेश्वरी म्हणाली. "त्यानंच पाठवलंय, त्यालाच विचारू. हितं बसून डोकं फिरंल तुमचं."

भुजंग परभणीचा. पोरांना परदेशी डॉक्टरकीला पाठवायचं त्याचं ऑफिस होतं. दोघं अप्पांच्या भावाची गाडी घेऊन निघाले. वाटेत अप्पा दर दोन मिनिटांनी फोन बघायचे. शेवटी महेश्वरीनं तो काढून आपल्या मांडीवर ठेवला.

ऑफिसला कुलूप होतं. पायऱ्यांवर आठ-दहा आईबाप बसलेले. कुणी रिक्षानं आलेलं, कुणी शेतातून तसंच उठून. पोखर्णीच्या नर्मदाबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. त्यांचा नागनाथ धनश्रीच्याच वर्गात. पूर्वी एकदा पालकांच्या बैठकीत अप्पांनी सगळ्यांना नकाशा काढून समजावलं होतं की काळजीचं कारण नाही. म्हणून त्यांना बघताच नर्मदाबाई उठल्या.

"आले बगा अप्पा. ह्यांना सगळं ठाऊक असतंय. सांगा अप्पा, काय व्हनार? त्यांची फौज येऊन सोडवंल का न्हाई लेकरांना?"

सगळे गोळा झाले. अप्पांनी तोंड उघडलं. अशा वेळी आपोआप जिभेवर येणारं वाक्य आलंसुद्धा, की त्या फौजेत इतक्या पलटणी हायेत, इतके रणगाडे. पण मागं महेश्वरी उभी होती आणि तिच्या हातात तो फोन होता.

"मला ठाऊक न्हाई," अप्पा म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाईच ठाऊक. मी फाट्यावर बसून बोलत व्हतो नर्मदाबाई. मला काय बी ठाऊक नव्हतं."

नर्मदाबाई हळूच पायरीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या. अप्पांना वाटलं, त्यापेक्षा खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

दुपारी भुजंगचा फोन लागला. तो पुण्यात होता आणि त्याचा आवाज फाटला होता. त्यानं एका बसची सोय केली होती. बस पोरांना दक्षिणेला समुद्राकाठच्या शहरात नेणार, ज्यांना जायचंय त्यांनी तासाभरात स्टँडवर यायचं. पायऱ्यांवर एकदम कालवा सुरू झाला. एक म्हणतो पाठवा, दुसरा म्हणतो रस्त्यात फौज आहे, बाँब पडतील. नर्मदाबाईंनी नागनाथला तिथल्या तिथं सांगून टाकलं, "बस धर बाबा. गाव सोड ते."

अप्पांनी धनश्रीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. आता तर महेश्वरीचाही फोन ती उचलेना. अप्पा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझाऱ्या घालायला लागले. एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून शिवी दिली, तरी त्यांना पत्ता नाही. दत्तरावांचं बोलणं पुन्हा पुन्हा डोक्यात येत होतं. खिडकीपासून लांब. खिडकीपासून लांब.

फोन वाजला तेव्हा महेश्वरीनं तो अप्पांच्याच कानाला लावला.

"पप्पा, रागवू नका. मी बाहेर गेले होते."

"बाहेर? अगं तुला येड लागलंय का? रणगाडे उभे हायेत न् तू—"

"माझ्या खोलीतल्या अर्पिताला सकाळपासून उलट्या व्हायल्यात. औषध संपलं होतं, वॉर्डन जागेवर नाही. मी आणि एक मुलगी मेडिकलपर्यंत गेलो. पप्पा, ऐका ना. मेडिकलच्या दारात एक सैनिक बसला होता. त्या बंडवाल्यांपैकी. बंदूक भिंतीला टेकवलेली, आणि तो बूट काढत होता. त्याला बूट निघेना. मला म्हणाला, डॉक्टर? माझ्या अंगात कॉलेजचा पांढरा कोट होता ना. मी हो म्हणाले."

"मग?"

"त्याचे पाय बघितले. पप्पा, चिखल्या झाल्यात. आपल्याकडं निंदायला जाणाऱ्या बायांना होतात ना, तशा. पण लय वाईट. बोटांच्या मधली कातडी सगळी गेलीय, पाय पांढरे पडलेत, वास यायलाय. म्हणाला, कित्येक महिने खंदकात पाण्यात उभा होतो. माझ्यापेक्षा लहान असेल तो. मी मलम आणून दिलं, कोरडं कसं ठेवायचं ते सांगितलं. हसला. म्हणाला, कुठं कोरडं ठेवू?"

फाट्यावर पावसाळ्यात हेच पाय अप्पांच्या दुकानाच्या पायरीवर रोज यायचे. हळद-तेल लावलेले, चिंध्या गुंडाळलेले. सव्वा-दीड वर्ष त्यांनी फौजा मोजल्या, पण त्या फौजेला पाय असतात हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"तो काय करील आता?" त्यांनी विचारलं.

"त्यालाही माहीत नाही. म्हणाला, आमच्या साहेबाला विचार. त्याला हेही नीट माहीत नव्हतं की ते कुणाशी भांडायलेत." धनश्री थांबली. "पप्पा, बसचं मी ऐकलंय. मला नाही जायचं. रस्त्यावर सगळ्यात जास्त धोका आहे असं इथल्या लोकांचंही म्हणणं आहे. आणि अर्पिताला उचलून नेता येत नाही. आम्ही तळघरात गाद्या टाकल्यात. पाणी भरलंय."

अप्पांच्या ओठावर हुकूम आला होता. बस धर. आत्ताच्या आत्ता. महेश्वरीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. तिच्या तोंडावरून तिला काय हवंय ते कळत नव्हतं.

"तुला जे दिसायलंय ते मला हितून दिसत न्हाई," अप्पा सावकाश म्हणाले. "तू ठरव. जे ठरवशील ते आमाला मान्य हाय."

पलीकडं धनश्री रडायला लागली. सकाळपासून ती पहिल्यांदाच रडत होती.

दिवस कलला तरी पायऱ्यांवरून कुणी उठलं नव्हतं. नर्मदाबाईंच्या नागनाथची बस शहराबाहेरच्या नाक्यावर अडवली गेली, पोरं तासन् तास रस्त्यात बसून राहिली आणि शेवटी माघारी हॉस्टेलवरच आली. कुणाला खरचटलंही नाही. शहरात गोळी घालायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी होती की बंडवाल्यांनी समझोता केला, रणगाडे गाड्यांवर चढवले आणि आले तसे निघून गेले. ना दत्तरावांचं खरं झालं, ना अप्पांचं.

फाट्यावर मात्र बाकडं भरून माणसं बसली होती.

"अप्पा, मग जिंकलं कोन?"

अप्पा खताच्या थप्पीवरची ताडपत्री सारखी करत होते. "तिथं एका पोराच्या पायाला चिखल्या झाल्यात," ते म्हणाले. "लय वाईट झाल्यात."

कुणी तरी हसलं. दत्तराव हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, उठले आणि शेळ्यांकडं निघून गेले.

परीक्षा आटोपून धनश्री सुट्टीला घरी आली. आगगाडीनं मॉस्को, तिथून विमान, असा लांबचा वळसा घेऊन आली. अंगानं उतरली होती. पहिले काही दिवस अप्पा तिच्या अवतीभवती घुटमळायचे, पण विचारायचे नाहीत. मग एकदा ती आईजवळ बसून शेंगा फोडत होती, तेव्हा ते समोर येऊन बसले.

"मम्मीला जे सांगितलंस ते मला सांग."

"सगळं?"

"सगळं."

ती सांगत गेली. मॅडमच्या पोराचं, काचांचं, वॉर्डातल्या एका सैनिकाचं, ज्याला आपला गुडघा अजून आहे असंच वाटायचं. अप्पा दोन-तीनदा काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले. एकदा तर उठून अंगणात जाऊन आले. पण परत येऊन बसले. दुकान त्या दिवशी दुपारपर्यंत उघडलंच नाही.

तिनं परत जावं की नाही यावर घरात महिनाभर घोळ चालला. महेश्वरी नको म्हणत होती. अप्पा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ऑगस्ट संपता संपता बातमी आली की बंडाचा म्होरक्या विमान पडून मेला. महेश्वरीनं ती बघितली आणि टीव्हीकडं पाठ केली. पण शिक्षण अर्ध्याच्या पुढं गेलं होतं, दुसरीकडं घेईनात, आणि खुद्द धनश्रीला ते अर्धवट टाकायचं नव्हतं. सप्टेंबरात सेलू स्टेशनवर अप्पांनी तिची बॅग डब्यात चढवली.

"आता मला खरं सांगत जा," ते खिडकीशी म्हणाले.

"तुम्हाला झोप लागणार नाही पप्पा."

"न लागू दे."

गाडी हलली. ती काहीतरी म्हणाली, पण भोंग्यात ते ऐकू आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर, हरभऱ्याच्या बियाण्यासाठी दुकानात रांग लागली होती. अप्पा एका शेतकऱ्याला वाण समजावून सांगत होते, तेवढ्यात फोन थरथरला. धनश्रीचा संदेश होता, पहिल्यांदाच सरळ त्यांना: 'पप्पा, सायरन वाजलाय. तळघरात आलोय. वर काहीतरी पडल्याचा आवाज आला. भीती वाटायलीय.'

अप्पांनी तो दोनदा वाचला. वाटलं, हे नकोच होतं. वाटलं, ते "हो पप्पा" बरं होतं. तरी त्यांनी नंबर लावला. दोन रिंगमध्ये तिनं उचलला.

"हां धनू. बोल. मी हाय."

"काय करू कळेना पप्पा. सगळे गप्प बसलेत."

"शेजारी कोन हाय तुझ्या?"

"अर्पिता."

"तिचा हात धरून बस. अजून कोन कोन हाय? एकेक सांग."

समोरचा शेतकरी पिशवी हातात धरून ताटकळला होता. "अप्पा, ह्याचा भाव?" त्यानं विचारलं. अप्पांनी हातानं त्याला थांब म्हटलं, गल्ल्यामागच्या पोत्यावर बसले, दुसऱ्या कानावर तळहात दाबला आणि लेकीचं ऐकत राहिले.